गंगाराम तांबटाची चित्रं शोधायची, तर आधी त्याचं नाव बाजूला ठेवा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं चित्र काढणाऱ्या पुण्याच्या गंगाराम तांबटावर काम करायचं आहे. नाव टाकून शोधलं की तीच ती चार-पाच चित्रं पुढे येतात. बाकीची गेली कुठे, आणि शोधायला सुरुवात कुठून करायची? शिवाय आमच्या नात्यातल्या एका घरी हत्तीचं जुनं रंगीत चित्र आहे. ते त्याचं असू शकेल का?"

जुन्या कागदांची दुरुस्ती आणि चित्रं कुणाकडून कुणाकडे गेली याचा माग काढणं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

पहिली गोष्ट, नावाने शोधणं थांबवा. नाव पुसलं गेलं म्हणूनच तर हा माणूस विस्मरणात गेला. ज्या कागदावर त्याचं नाव आहे तो कागद हरवलेला नाहीच, तो सूचीत बसलेला आहे. हरवलेली चित्रं आज दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाखाली पडून असणार. शोधायचं ते चित्रकाराला नव्हे, तर चित्र ज्याने करून घेतलं आणि ज्याने पेटीत भरून नेलं त्याला. गंगारामच्या बाबतीत तो माणूस म्हणजे चार्ल्स वॉर मॅलेट, पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील.

मॅलेट १७८६ मध्ये पुण्यात आला आणि १७९७ पर्यंत राहिला. संगमावर त्याचं ठाणं होतं. सवाई माधवरावांना जनावरांचा भारी शौक. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता, त्याच भागात १९५३ साली पेशवे पार्क उभं राहिलं. तिथला गेंडा गंगारामने नोव्हेंबर १७९० मध्ये जलरंगात उतरवला. पर्वतीचं दृश्य त्याने काढलं आणि वेरूळच्या लेण्यांची आरेखनं केली. म्हणजे डोंगर, देऊळ, लेणी, जनावर सगळं एकाच हाताने, आणि तेही मॅलेटसाठी. मॅलेटने वेरूळवर लिहिलेलं सविस्तर टिपण कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात १७९९ मध्ये छापून आलं.

१७९१ मध्ये जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार मुंबईत उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्याला आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं आपण पुस्तकातून पाहत आलो ते चित्र त्याचंच. शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली ती याच दिवसांत, आणि गंगाराम वेल्सच्या हाताखाली काम करू लागला. रॉबर्ट मेबन नावाचा आणखी एक साहाय्यक होता. तीन हात, एकच मेज, विषयही तेच. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे.

मग १७९५ उजाडलं. ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, नोव्हेंबरात वेल्स तापाने गेला. शाळेचा धनी आणि शिक्षक महिन्याभरात नाहीसे झाले. वेल्सचे कागद मॅलेटच्या ताब्यात आले. विलायतेला परतल्यावर मॅलेटने १७९९ मध्ये वेल्सच्याच मुलीशी, सुझॅनाशी लग्न केलं. संशोधकाच्या दृष्टीने हे लग्न फार महत्त्वाचं आहे. सासऱ्याची रेखाटनं आणि जावयाने पुण्यात करवून घेतलेली चित्रं एकाच घरात, बहुधा एकाच कपाटात गेली. १८०३ मध्ये लंडनमध्ये वेरूळच्या चोवीस दृश्यांचा मोठा चित्रसंच निघाला तेव्हा मुखपृष्ठावर 'वेल्सच्या रेखाटनांवरून, टॉमस डॅनियल यांच्या देखरेखीखाली' असं छापलं गेलं. डॅनियल हा भारतात हिंडून गेलेला इंग्रज चित्रकार. गंगारामने त्या लेण्यांत बसून केलेल्या कामाचा तिथे उल्लेख नाही. लबाडीच होती असं मी म्हणणार नाही, त्या काळी मदतनिसाचं नाव गोऱ्यांच्या स्टुडिओतही छापत नसत. पण परिणाम व्हायचा तोच झाला.

आता हे लक्षात घेऊन शोधाचं जाळं टाका. मॅलेटला आठ मुलगे. त्यातला एक ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट ठाण्याचा कलेक्टर होता, १८५० मध्ये माथेरानला वर चढून गेलेला तो हाच. बापाच्या पेट्यांच्या वाटण्या आठ घरांत झाल्या असतील तर कागद एका जागी राहण्याची आशा कशाला धरायची? विल्टशरमधल्या विल्बरीच्या मूळ घरापासून सुरुवात करून प्रत्येक मुलाच्या वंशवेलीत खाली या. कुणाचा मृत्यू कधी झाला, इस्टेट कधी विकली, त्या सुमारास लंडनच्या किंवा गावातल्या लिलावात 'भारतीय दृश्यं, एक पुडकं' अशी नोंद आहे का, हे बघत जायचं. कंटाळवाणं काम आहे. पण माझ्या अनुभवात संग्रहालयांच्या सूचीपेक्षा मृत्युपत्रं आणि लिलावाच्या जुन्या याद्या जास्त बोलतात.

सापडलेल्या चित्रांपैकी मोठा भाग आज अमेरिकेत आहे, न्यू हेवनच्या येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये, पॉल मेलन यांच्या संग्रहातून आलेला. गेंडा तिथेच. वेल्सची रोजनिशीही तिथेच. २०११ मध्ये तिथे हॉली शॅफर यांनी मांडलेल्या प्रदर्शनात गंगारामला त्याच्या नावानिशी जागा मिळाली. त्या संस्थेच्या सूचीत बऱ्याच चित्रांच्या प्रतिमा मोफत बघता येतात, म्हणून पहिला महिना घरी बसून तिथेच घालवा. पण गंगारामच्या नावाने लावलेली चित्रं बघून थांबू नका. वेल्सच्या नावाची, मेबनच्या नावाची आणि 'अज्ञात' म्हणून नोंदलेली सगळी चित्रं एकेक करून उघडा. हात ओळखायला डोळा तयार होतो तो असाच. वास्तूच्या आरेखनात वेल्स छायेत रमतो की नाही, खांबाच्या कडा कोण किती आखीव ठेवतो, दगडाचा पोत ठिपक्यांनी येतो की सलग रंगाने, माणसं प्रमाण दाखवण्यापुरती उभी आहेत की काही करताहेत, अशा प्रश्नांची एक वही ठेवा. उत्तरं माझ्याकडून घेऊ नका, नाहीतर तुम्हाला तेच दिसू लागेल.

सूचीत शोधताना स्पेलिंगचा घोळ ध्यानात ठेवा. कंपनीच्या काळातले साहेब आपल्या 'अ'ला रोमन 'यू' लावत, म्हणून गंगाराम शोधायचा तो 'ए' आणि 'यू' दोन्हींनी, एकसंध आणि तोडून. त्याचं पूर्ण नाव गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट, त्यातला कुठलाही तुकडा एकटा आलेला असू शकतो. पुणे, पर्वती, वेरूळ, कार्ले यांचीही तीन-तीन, चार-चार रूपं करून बघा. आणि लिलावाच्या यादीत 'कंपनी शैली, पुणे, अंदाजे १७९०' (कंपनी शैली म्हणजे साहेबांसाठी देशी चित्रकारांनी केलेलं काम) किंवा 'जेम्स वेल्सच्या परिवारातील' असे शब्द दिसले की तिथे मुक्काम ठोका. डॅनियलच्या मागे राहिलेले गठ्ठेही विसरू नका. मॅलेटने १७९० साली पेशव्यांच्या दरबारात तह केला, त्याचं मोठं तैलचित्र टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये लंडनमध्ये केलं, ते आता टेट संग्रहालयात आहे. तो स्वतः काही त्या दरबारात हजर नव्हता, वेल्सच्या साहित्यावरून त्याने चित्र रचलं. म्हणजे पुण्याची रेखाटनं त्याच्या मेजावर होती, आणि सगळी परत गेली असतील याची हमी कोण देणार?

एक नाव सगळा फरक कसा पाडतं ते बघायचं असेल तर कलकत्त्याकडे वळा. सरन्यायाधीश इम्पींच्या पत्नी मेरी इम्पी यांनी १७७७ ते १७८२ या काळात पाटण्याच्या शेख झैनुद्दीन, भवानीदास आणि रामदास यांच्याकडून पक्ष्या-प्राण्यांची तीनशेहून अधिक चित्रं करून घेतली. १८१० मध्ये लंडनच्या लिलावात तो संच फुटला आणि जगभर पांगला. तरी आज झैनुद्दीनचं चित्र कुठेही निघालं तरी ओळखू येतं, कारण कागदाच्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव आणि गाव लिहून ठेवण्याची पद्धत बाईंच्या घरी पाळली गेली. गंगारामच्या वाट्याला इतकी नीट कारकुनी आली नाही.

पुण्यात काय उरलं असेल? माझं मत विचाराल तर चित्रं फार नाहीत. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला. पेशव्यांसाठी केलेलं काही वाड्यात असेल तर ते त्यात गेलं. साहेबासाठी केलेली चित्रं मात्र समुद्रापार गेली म्हणून वाचली. त्यामुळे आज आपल्याला दिसतो तो साहेबाच्या आवडीचा गंगाराम. स्वतःच्या लोकांसाठी त्याने काय केलं, देवांच्या मूर्ती घडवल्या का, भिंती रंगवल्या का, हे त्यातून कळत नाही.

कागदोपत्री पुरावा मात्र पुण्यात मिळण्यासारखा आहे, आणि त्याला मोडी यायलाच हवी. त्यातून सुटका नाही. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे आहेत. तिथे 'गंगाराम' मागाल तर हाती काही लागणार नाही, कारण रुमाल नावाने लावलेले नाहीत. रोजकीर्द आणि घडणी या जमाखर्चाच्या वर्गांत शिकारखान्याचा खर्च, चितारी, रंग, बिदागी अशा सदरांवर नजर ठेवा. तारीख आधी काढून घ्या. गेंड्याचा नोव्हेंबर १७९० म्हणजे शके १७१२, साधारणनाम संवत्सर, सुहूर सन (पेशवाईच्या कागदांतली कालगणना) ११९१. मोडीत ते 'इहिदे तिसैन मया व अलफ' असं अक्षरी येतं, आणि तारीख 'छ' (चंद्र) लावून, सफर किंवा रबिलावल या महिन्यातली. सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, पण हे वर्ष मृगाला बदलतं, म्हणून जानेवारी ते मे या महिन्यांच्या तारखांना ६०० मिळवावे लागतात. हा एक आकडा चुकला तर भलत्याच वर्षाचे रुमाल उपसत बसाल.

मोडी शिकेपर्यंत छापील साधनं हाताळा. इतिहासकार सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड आहेत, आणि पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहारातला मॅलेटच्या वकिलातीचा खंड आहे. त्यात राजकारणच जास्त आहे. पण मॅलेट कुठल्या महिन्यात कुठे होता याचा तक्ता त्यातून बनवता येतो, आणि तो तक्ता भिंतीवर लावून ठेवा. साहेब ज्या दिवसांत वेरूळच्या वाटेवर होता, त्या दिवसांच्या पुण्यातल्या चित्राकडे मग जरा संशयाने बघता येतं. भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, आणि इतिहास-संग्राहक पारसनिसांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजात आला, तोही आहे. दोन्हीकडे जाताना नेमकं काय बघायचं ते कागदावर लिहून न्या. 'गंगारामचं काही आहे का हो?' असं विचारलं की 'नाही' हे उत्तर ठरलेलं.

आता हत्तीच्या चित्राबद्दल. घरोघरी निघणाऱ्या अशा चित्रांपैकी बरीचशी छापलेली असतात, हाताने काढलेली नसतात. दहापट भिंग घ्या. रंगाचे ठिपके फुलासारखे गोल मांडलेले दिसले तर ती अलीकडची छपाई, विषय संपला. बारीक वाळू पसरल्यासारखा करडा पोत दिसला, वर हाताने रंग लावलेला असला आणि कडेने ताटलीचा दाबलेला चौकोन असला, तर ते ॲक्वाटिंट, म्हणजे धातूच्या ताटलीवरून केलेली छपाई. १८०३च्या वेरूळ संचातलं सुटं पान असं असतं. ते मोलाचं आहे, पण चित्र नव्हे. ब्रशाचा रंग कागदाच्या खळग्यांत साचलेला आणि खालून शिशाची रेघ डोकावताना दिसली, तर पुढे जा.

कागद उजेडासमोर धरा. (काचेच्या चौकटीत असेल तर थांबा, त्याबद्दल खाली सांगतो.) मॅलेटसारख्यांकडे विलायती कागद येई, त्यात व्हॉटमनच्या गिरणीचं जलचिन्ह (उजेडात दिसणारी कागदातली खूण) असलेला कागद नावाजलेला. इंग्रजी कागदात जलचिन्हासोबत वर्ष घालायची रीत १७९४च्या कायद्यानंतर रुळली, कारण निर्यातीच्या कागदावर जकातीचा परतावा हवा असेल तर वर्ष दाखवावं लागे. त्यामुळे '१७९०' असं लिहिलेल्या चित्राच्या पोटात '१८०४' निघालं तर ते नक्कल आहे, मग चित्र कितीही सुरेख असो. नक्कल म्हणून फेकून देऊ नका. कुणी, कशावरून नक्कल केली हा प्रश्न कधीकधी मूळ चित्रापर्यंत नेतो. वर्षच नसेल तर कागद आधीचा असू शकतो, पण तेवढ्याने काही सिद्ध होत नाही.

रंगांचंही तसंच. प्रशियन निळा असेल तर हरकत नाही, तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. कोबाल्ट निळा १८०२ नंतरचा. कृत्रिम अल्ट्रामरीन १८२८ नंतरचा. जस्ताचा पांढरा जलरंग म्हणून बाजारात आला तो १८३४ मध्ये, अतिनील दिव्याखाली तो पिवळट हिरवा चमकतो. टायटॅनियमचा पांढरा तर विसाव्या शतकातला. मात्र एका डोळ्याच्या बुबुळात जस्त सापडलं म्हणून सगळं चित्र रद्द करू नका, मधल्या काळात कुणी हौशी हाताने डाग झाकलेला असतो. पार्श्वभूमीचा मोठा सपाट भाग तपासायचा, तिथे कुणी सहसा हात लावत नाही.

मग जनावराकडे बघा. हे कलाशाळेत शिकवत नाहीत, पण प्राण्याच्या चित्रात मला याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला आहे. चितारी जनावरासमोर बसला होता की छापील चित्रासमोर? जर्मन चित्रकार ड्यूररने १५१५ मध्ये गेंडा न पाहता त्याचं लाकडी ठशाचं चित्र केलं आणि त्याच्या मानेच्या मागे एक जादा छोटं शिंग लावलं. युरोपात पुढची दोनेकशे वर्षं ते शिंग नकलांतून फिरत राहिलं. एखाद्या 'पुण्याच्या' गेंड्याला पाठीवर तसं काही असेल तर तो पुस्तकातून आला. डांबून ठेवलेला गेंडा शिंग घासून बोथट करतो, खांद्याची आणि मांडीची घडी कुठे संपते ते जवळून पाहिल्याशिवाय काढता येत नाही. हत्तीत कान बघा, पुढच्या पायाची नखं मोजा, सोंडेचं टोक बघा. आशियाई हत्तीला टोकावर एकच बोट असतं. दोन काढली असतील तर चितारी पुण्याच्या हत्तीखान्यात बसलेला नव्हता. साखळी, झूल, माहुताचं पागोटं यांतूनही गाव कळतं. पेशवाईतलं पागोटं आणि कलकत्त्याच्या चितारीने काढलेलं पागोटं यांत फरक आहे, जुनी व्यक्तिचित्रं शेजारी ठेवून बघा.

कुणी म्हणेल, इतकी उठाठेव करून काही सापडेलच असं नाही. खरं आहे. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान १९३१ मध्ये गेले, म्हणजे अगदी कालपरवाचे. निसर्गदृश्यांत त्यांच्या तोडीचा माणूस दुर्मीळ. शाहू महाराज वारल्यावर त्यांनी आपली ढीगभर चित्रं तळ्यात बुडवली असं कोल्हापुरात सांगतात. पाण्यात गेलेल्या कागदाचा माग कुणी काढू शकत नाही. गंगारामचं तसं झालेलं नाही. त्याची चित्रं ज्या घरात गेली तिथे कागद जपायची सवय होती. शनिवारवाड्याच्या शाळेतल्या इतर मुलांची रेखाटनं तर अजून कुणी धड शोधलेलीच नाहीत. वेल्सच्या कागदांत गिरवल्यासारखं, प्रमाण चुकलेलं काही दिसलं तर त्याला 'वेल्सचं कच्चं काम' म्हणून पुढे जाऊ नका. वेल्स कच्चा नव्हता.

तुमच्या नातेवाइकांना एवढं आजच सांगा. चौकट घरी उघडू नका. काच कागदाला चिकटलेली असेल तर रंग काचेवर निघून येतो. मागचा पुठ्ठा, त्यावरची चिठ्ठी, चौकटवाल्याचा शिक्का, खिळ्यांची जागा, सगळ्याचे फोटो तिरप्या उजेडात काढा आणि एका कोपऱ्यात पट्टी ठेवून काढा. पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेला एखादा आकडा लिलावातला क्रमांक असू शकतो, तो खोडरबराने साफ करण्याचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. चित्र घरात कधी आलं, कुणी दिलं, हे वडीलधाऱ्यांना विचारून तारखेसह लिहून घ्या. ऐकीव माहिती असेल तर तसं स्पष्ट नोंदवा. आणि खरेदीदार दारात आला तर सांगा, शंभर वर्षांपलीकडचं चित्र १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. चांगल्या फोटोंची एक प्रत आणि जलचिन्हाची नोंद हाती आली की मला पाठवा. हत्तीच्या सोंडेचा फोटो मात्र जवळून काढा.